चित्राखालची सही

निमंत्रणपत्रिकेची मुद्रिते तपासण्याचे काम आमच्या भागात आपोआपच मराठीच्या शिक्षकाकडे येते. पत्रिका लग्नाची असो, जत्रेची असो वा दशावतारी नाटकाची असो. "सर, जरा नजर घाला" असे म्हणून कागद पुढे केला जातो आणि आपणही खिशातले लाल पेन काढतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका दुरुस्त केल्या की समोरच्याला समाधान वाटते आणि आपली एम. ए. ची पदवी अगदीच वाया गेली नाही, असा आपल्यालाही दिलासा मिळतो. पेडणे तालुक्यातल्या माझ्या जन्मगावी आणि डिचोली तालुक्यातल्या माझ्या शाळेच्या गावी मी हे काम वर्षानुवर्षे करीत आलो आहे. गेल्या वर्षी मात्र एक अशी पत्रिका हाती आली, की जिच्यात शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती; आणि तरीही तिने मला माझ्याच आयुष्यातली एक जुनी चूक दाखवून दिली.

हकिगत अशी. पत्रिका आमच्याच शाळेच्या पालक-शिक्षक संघाची होती. शाळेतून पुढे गोवा कला महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या मुलींसाठी एक लहानसा निधी उभारावा, ही कल्पना आमच्या चित्रकलेच्या शिक्षिकेची. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरचे हे महाविद्यालय १९७२ साली सुरू झाले. प्रवेश मिळाला तरी रंग, कागद, कॅनव्हास आणि रोजचा बसप्रवास यांचा खर्च खेडेगावातल्या बापाच्या छातीत धडकी भरवतो आणि पहिला बळी मुलीच्या शिक्षणाचा जातो. तेव्हा दिवाळीनंतरच्या शनिवारी शाळेच्या सभागृहात एक संध्याकाळ साजरी करावी, तालुक्यातल्या पाच कलावंत स्त्रियांचा सत्कार करावा, त्यांच्या व विद्यार्थिनींच्या कलाकृतींचा लिलाव करावा आणि येणारा पैसा निधीत घालावा, असे ठरले. मोठ्या शहरांत असे समारंभ मोठ्या हॉटेलांत होतात. एकेका टेबलाचे हजारो रुपये पडतात. आमची प्रवेशिका शंभर रुपयांची होती आणि तीत चहा व भाजी-पाव अंतर्भूत होते.

पत्रिकेवर सत्कारमूर्तींची यादी होती. चार स्त्रियांची नावे ठळक टाइपात, हुद्द्यांसह. पाचव्या ओळीत मात्र एवढेच होते : "तसेच गावातील गणपतीच्या चित्रशाळेतील एक महिला कलाकार." मी सवयीने समासात लिहिले, "नाव घालावे." दुसऱ्या दिवशी संघाचे चिटणीस कागद घेऊन परत आले. म्हणाले, "सर, नावाची पंचाईत आहे. चित्रशाळा तिच्या सासऱ्यांच्या नावाने चालते. तिला विचारले तर हसते आणि आत निघून जाते. आता तुम्हीच एकदा जाऊन या."

वाचकहो, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना गोव्याची चित्रशाळा कदाचित ठाऊक नसेल. चवथीच्या आधी दोन-तीन महिने येथे गावोगावी चिकणमातीच्या मूर्ती घडू लागतात. प्रत्येक घराची चित्रशाळा परंपरेने ठरलेली असते. घरचा कर्ता आपला लाकडी पाट तेथे नेऊन ठेवतो; पाटावर खडूने त्याचे नाव लिहिले जाते आणि त्या पाटावर त्याच्या घरचा गणपती आकाराला येतो. मीही दरवर्षी असा पाट पोचवतो. पाटावर नाव घेऊन जाणाऱ्याचे, दारावरच्या फळीवर नाव चालवणाऱ्याचे. माती मळणारे, साच्यातून काढलेला हात जोडणारे आणि शेवटच्या रात्री एका दमात डोळ्यांची आखणी करणारे हात बहुधा घरातल्या बायकांचेही असतात; त्यांचे नाव कोठेच लिहिलेले नसते. कितीतरी वर्षे पाट पोचवूनही ही गोष्ट कधी माझ्या ध्यानात आली नव्हती.

किंबहुना हे केवळ चित्रशाळेपुरते नाही. आपल्या घरांतले रुखवत आठवून पाहावे. मण्यांची तोरणे, लोकरीची आसने, साखरेचे तुळशीवृंदावन. मांडवातले पाहुणे कौतुक करतात ते "मुलीकडच्यांचे". ज्या मावशीने डोळे बारीक करून चार महिने सुई चालवली, तिचे नाव त्यावर नसते. दाराबाहेरची रांगोळी दुपारपर्यंत पायाखाली जाते. धालोच्या मांडावर रात्ररात्र नाचणाऱ्या आमच्या पेडणे-डिचोलीच्या बायकांनी किती गाणी रचली असतील. त्या गाण्यांना कवयित्री नाही. पुरुषाने भिंतीला रंग दिला तरी कोपऱ्यात नाव आणि सन घालतो. बाईने घर सजवले तर तिला सुगरण म्हणतात, चित्रकार म्हणत नाहीत.

आणि तरीही ज्या गोव्यात ही सही न करण्याची रीत आहे, त्याच गोव्याने नाव मिळवलेल्या स्त्रिया दिल्या, हेही तितकेच खरे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पेडणे आणि डिचोली पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेली. नव्या काबिजादींत मोडणाऱ्या या मुलखात देवळे टिकली, मराठी पोथ्या टिकल्या आणि देवळांच्या आश्रयाने गाणेही टिकले. पेडण्यातल्या मालपें गावाचे नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर यांचा जन्म १८८३ सालचा. भेंडीबाजार घराण्याच्या नजीरखाँकडून त्यांनी विद्या घेतली आणि १९५८ साली संगीत नाटक अकादमीचे सदस्यत्व, म्हणजे अकादमीचा सर्वोच्च सन्मान, मिळवणारी पहिली स्त्री होण्याचा मान त्यांना लाभला. उतारवयात त्यांनी पुढच्या पिढीला शिकवले. किशोरी आमोणकरांनी त्यांच्याकडून मार्गदर्शन घेतले, ही गोष्ट संगीतप्रेमींना ठाऊक आहे.

केसरबाई केरकरांविषयी तर समितीच्या बैठकीत एक गमतीदार वाद झाला. आमच्या पेडण्याचे एक सदस्य ठासून म्हणाले, "केसरबाई आमच्याच. केरी आमच्या तालुक्यात आहे." सत्तरीचे दुसरे सदस्य म्हणाले, "केरी आमच्याकडेही आहे." अखेर मला भूगोल सांगावा लागला, की गोव्यात केरी नावाची गावे तीन तालुक्यांत आहेत आणि केसरबाईंचे केरी फोंडा तालुक्यातले. सभा क्षणभर हिरमुसली. पण वाद विचार करण्यासारखा होता. जिच्यावर हक्क सांगण्यासाठी तीन तालुके भांडतात, तिच्या पिढीतल्या गायिकांना ऐन उमेदीच्या काळात सुखवस्तू घरांत बरोबरीने बसवून घेण्याची याच समाजाची तयारी नव्हती. त्यांचे गाणे हवे होते. त्यांचे घराणे नको होते. १९६९ साली केसरबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७७ साली अमेरिकेने जी व्हॉयेजर याने अवकाशात सोडली, त्यांवरील तबकडीत त्यांची एक भैरवी आहे. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या निवर्तल्या. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष वर येतात. पण कुर्डीकर हे नाव उन्हाळ्याची वाट पाहत नाही. मालपेकर, केरकर, कुर्डीकर : ही आडनावे गावांची आहेत. गावाने त्यांना काय दिले, याचा हिशेब अवघड आहे. त्यांनी गावाला नाव दिले, हे मात्र निश्चित.

चित्रकलेकडे वळावे तर प्रफुल्ला डहाणूकरांचे स्मरण होते. १९३४ साली गोव्यात जन्मलेल्या प्रफुल्ला जोशी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकल्या, १९५५ साली सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या आणि १९६१ साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेल्या. क्षितिज, आकाश आणि जमीन यांच्या सीमारेषा जेथे पुसट होतात, अशी त्यांची चित्रे. त्यांना त्या 'मनोदृश्ये' म्हणत. परंतु आमच्या संध्याकाळीसाठी मला त्यांचा दुसरा पैलू अधिक मोलाचा वाटला. मुंबईच्या आर्टिस्ट्स सेंटरचे आणि बॉम्बे आर्ट सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. जहांगीर कलादालनाच्या कारभारात दीर्घकाळ भाग घेतला. स्वतःचे चित्र भिंतीवर लागले म्हणजे संपले, असे त्यांनी मानले नाही. नवख्या चित्रकाराला भिंत मिळावी म्हणून त्या समित्यांच्या कंटाळवाण्या बैठकांना बसल्या. २०१४ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या नावाने प्रतिष्ठान निघाले आणि ते आज देशभरातल्या तरुण कलावंतांना पारितोषिके व शिष्यवृत्त्या देते. न्यूयॉर्कचे आधुनिक कलेचे जगप्रसिद्ध संग्रहालयही १९२९ साली तीन स्त्रियांच्या पुढाकाराने उभे राहिले. आपल्या रंगभूमीने तर मदतीच्या प्रयोगाची रीतच घालून दिली आहे. १९२१ सालच्या जुलै महिन्यात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले, त्याच्या आठवणी माझे आजोबा ऐकीव माहितीवरून इतक्या रंगवून सांगत, की ते स्वतः पहिल्या रांगेत बसले होते असे वाटावे. कलेसाठी पदर पसरणे आपल्याला लाजिरवाणे वाटण्याचे कारण नाही.

चिटणिसांच्या विनंतीवरून मी चित्रशाळेत गेलो, तेव्हा माझ्या डोक्यात ही सगळी माहिती, म्हणजे माझ्या प्रास्ताविकाचा मजकूर, घोळत होता. नवरात्राचे दिवस होते. चवथीची गर्दी ओसरली होती. शाळांच्या सरस्वतीपूजनासाठी मूर्ती रंगवण्याचे काम चालले होते. रिकामे पाट भिंतीला टेकून उभे होते. पडवीत बसलेली बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, बसा. ओळखले नाही?"

मी ओळखले. आणि ओळखताक्षणी मला २००१ सालचा जून महिना आठवला.

त्या वेळी मी दुसऱ्या एका गावी सहशिक्षक होतो. ही मुलगी दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती. तिचे वडीलही मूर्तिकार. मराठीच्या वहीच्या समासात ती चित्रे काढी आणि मी त्यांवर लाल शाईने "स्वच्छता राखा" असे लिहीत असे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा ती चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली होती. बारावी झाल्यावर एके सकाळी वडील तिला घेऊन माझ्या घरी आले. हातात कला महाविद्यालयाचा अर्ज होता, भरलेला होता. वडील म्हणाले, "सर, तुम्ही सांगाल तसे."

मी काय सांगितले, ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, "चित्रकलेवर घर चालत नाही. मुलीची जात, रोज पणजीला जाणार-येणार. त्यापेक्षा डी. एड. करू द्या. चित्रे काय, घरी बसूनही काढता येतात." वडिलांनी मान हलवली. मुलगी काही बोलली नाही. चहा पिऊन दोघे गेली. मला आपण एका गरीब माणसाला व्यवहाराचा सल्ला दिल्याचे समाधान वाटले. डी. एड. ला तिला प्रवेश मिळाला नाही. दोन वर्षांनी तिचे लग्न झाल्याचे कळले. मी आहेर पाठवला.

आता ती समोर उभी होती. बोटांना पांढरा रंग लागलेला. मी पत्रिकेचा विषय काढला. ती म्हणाली, "माझे नाव कशाला, सर? शाळा सासऱ्यांची आहे. त्यांचेच घाला." मी म्हणालो, "सत्कार तुझा आहे, बाये." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग सरस्वतीच्या विणेवरची रेघ पुरी करीत सहज म्हणाली, "बाबांनी तो अर्ज फाडला नव्हता. साच्यांच्या खाली ठेवला होता. त्या पावसात छप्पर गळले, तेव्हा भिजला."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. ती असती तर मला उत्तर देता आले असते.

त्या रात्री मी प्रास्ताविकाचा कागद पुढे घेऊन बसलो. मी त्यात आणखी दोन नावे घातली होती. मूळ गोव्याचे चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची कन्या अँजेला आणि रावबहादूर धुरंधरांची कन्या अंबिका. दोघीही चित्रकाराच्या घरी जन्मल्या, वडिलांच्या रंगांच्या वासात वाढल्या, दोघीही जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि स्वतःच्या नावाने चित्रकार झाल्या. पणजीला फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्रिंदाद पितापुत्रींची चित्रे आजही पाहता येतात. कागदावर ही नावे वाचताना मला जाणवले, की माझी विद्यार्थिनीही मूर्तिकाराच्याच घरी जन्मली होती. तिलाही माती आणि रंग वडिलांनीच हातात दिले होते. एवढेच नव्हे, तर कलाशाळेच्या दारापर्यंत नेण्याची त्यांची तयारीही होती. अर्ज भरून ते माझ्याकडे आले होते. धुरंधर आणि त्रिंदाद हे स्वतः कलाशाळेशी जोडलेले असल्यामुळे त्यांना कोणाला विचारण्याची गरज नव्हती. खेड्यातल्या मूर्तिकाराला विचारावे लागते आणि तो शिक्षकाला विचारतो. शिक्षकाचा हुद्दा असतो तो त्या एका सकाळीसाठी. त्या सकाळी मी नव्हतो तेथे.

समारंभ चांगला झाला. सभागृह भरले. चार सत्कारमूर्तींमध्ये एक भजनी मंडळाच्या गायिका होत्या, एक नाट्यअभिनेत्री, एक मातीची भांडी घडवणारी आणि एक निवृत्त चित्रकला शिक्षिका. डिचोलीच्या मातीकामाची ख्याती गोवाभर आहे. पण घडवणाऱ्या बाईला व्यासपीठावर शाल घेताना गावाने प्रथमच पाहिले. पाचवे नाव पत्रिकेवर छापले होते. दुपारी चित्रे टांगताना एक अडचण निघाली. तिने लिलावासाठी दिलेल्या चित्राखाली सही नव्हती. चित्र होते भिंतीला टेकून ठेवलेल्या रिकाम्या पाटांचे. ओळीने लहान-मोठे पाट, त्यांच्यावर पडवीतून आलेले उन्हाचे पट्टे. पाटांवर नावे नव्हती. चिटणीस म्हणाले, "सही पाहिजे, नाहीतर बोली कोणाच्या चित्राची लावायची?" ती माझ्याकडे वळली. "सर, कोणते नाव लिहू? माहेरचे की सासरचे?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रिकांतली नावे शुद्ध करणाऱ्या मला उत्तर सुचले नाही. प्रफुल्ला जोशींनी डहाणूकर हे नाव मोठे केले, अंजनीबाईंनी गावाचे नाव लावले, अँजेलाने वडिलांचे. तीनही उदाहरणे मला तोंडपाठ होती आणि एकही तिच्या उपयोगाचे नव्हते. शेवटी तिने ब्रश उचलला आणि कोपऱ्यात फक्त आपले पहिले नाव लिहिले. अक्षर वळणदार होते. शाळेत तिच्या अक्षराला मी नेहमी चांगले गुण देत असे, हे त्या वेळी आठवले.

संध्याकाळी मी प्रास्ताविक केले. अंजनीबाई, केसरबाई, मोगूबाई, प्रफुल्लाबाई. व्हॉयेजर यानावर तर टाळ्या पडल्या. त्या अर्जाविषयी मी बोलणार होतो. कागदाच्या शेवटी तसे दोन वाक्यांचे टिपणही होते. पण पहिल्या रांगेत सरपंच, मागे माझे विद्यार्थी. ती दोन वाक्ये मी गिळली आणि आभार मानून खाली बसलो. लिलाव सुरू झाला. पाटांच्या चित्राची बोली पाचशेपासून लागली आणि सुट्टीवर घरी आलेल्या एका बोटीवरच्या गृहस्थाने ते साडेसहा हजारांना घेतले. एकूण रक्कम मोठी नव्हती; पण दोन मुलींचा वर्षाचा रंग-कागदाचा आणि प्रवासाचा खर्च भागेल एवढी निश्चित होती.

खुर्च्या आवरताना मी तिला गाठले आणि जे व्यासपीठावर बोललो नाही ते तेथे बोललो. "त्या दिवशी मी चुकीचे सांगितले," एवढेच. ती हातातल्या खुर्च्या एकावर एक रचीत होती. म्हणाली, "गेले असते तर टिकले असते की नाही, कोण जाणे, सर. पण जाऊन बघायला हवे होते." मग तिने विचारले, की निधीतून बसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला देणार की शेवटी; कारण सुरुवातीला दिले नाहीत तर मुली दुसऱ्या आठवड्यापासून जायच्या थांबतील. समितीत हा मुद्दा कोणालाच सुचला नव्हता. नियमावलीत आम्ही तो दुसऱ्याच दिवशी घातला आणि तिला समितीवर घेतले.

या लेखात तिचे नाव नाही, हे चोखंदळ वाचकांच्या लक्षात आले असेल. मी लिहिण्यापूर्वी तिची परवानगी मागितली होती. ती म्हणाली, "पत्रिकेवर आले, चित्राखाली आले. मासिकात तुमची चूक छापून येणार. तिथे माझे नाव कशाला?"

यंदाच्या जूनमध्ये निधीची पहिली अर्जदार मुलगी वडिलांबरोबर माझ्या कार्यालयात आली. वडील टेम्पो चालवतात. कागद टेबलावर ठेवून ते म्हणाले, "सर, तुम्ही सांगाल तसे." मी मुलीला खुर्चीवर बसवले, तिच्या वहीतली चित्रे आधी पाहिली, मग गुणपत्रिकेच्या प्रती साक्षांकित केल्या. शाळेचा शिक्का जरा पुसट उठला म्हणून दुसऱ्यांदा मारला. अर्जावर तिने सही केली नव्हती. पेन तिच्यापुढे करून मी जागा दाखवली.